वारसाचे पैसे कोर्टात अडकलेले असताना सोनेतारण कर्ज: खरिपापासून आतापर्यंतचा अनुभव

कारंजा तालुक्यातलं आमचं थोडं वावर समृद्धी महामार्गात गेलं. त्याचा मोबदला बाबांनी मुदत ठेवीत ठेवला होता, पण नॉमिनी लावलेला नव्हता. बाबा हिवाळ्यात गेले. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे नॉमिनी नसला तरी साध्या प्रकरणात १५ लाखांपर्यंतची रक्कम (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) सक्सेशन सर्टिफिकेट (कोर्टाचा वारसा दाखला) न मागता वारसांना मिळते. आमची ठेव त्याहून मोठी, म्हणून त्या सर्टिफिकेटासाठी दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागला. पेपरात नोटीस, हरकतीची मुदत, मग तारखा.

इकडे मृग तोंडावर आलेला. सातबाऱ्यावर बाबांचंच नाव असल्यामुळे नवीन पीककर्ज नाही. गावातल्या एकानं सांगितलं, ठेवीतला हिस्सा लिहून द्या, पैसे आजच उचला. व्याज शंभराला महिन्याला तीन रुपये, म्हणजे वर्षाला ३६ टक्के, वरून कोऱ्या स्टॅम्पवर सही. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. परवाना दाखवा म्हटल्यावर तो पुन्हा आला नाही. कोर्टाचा निकाल कधी लागेल हे कोणालाच सांगता येत नसताना हिस्सा असा लिहून देणं म्हणजे बाबांची कमाई परक्याच्या हाती देणं होतं.

आईनं स्वतःहून गळ्यातली एकदाणी आणि हातातल्या पाटल्या बँकेत तारण ठेवायला काढून दिल्या. बँकेच्या सराफानं एकदाणीत भरलेल्या लाखेचं (राळेचं) वजन वजा करून निव्वळ सोन्याचं वजन धरलं, त्यामुळे घरच्या अंदाजापेक्षा रक्कम कमी बसली. हे आधीच धरून चला. व्याज वर्षाला नऊच्या आसपास. पैसे त्याच दिवशी खात्यात आले. सोयाबीनचं बी, खत, परहाटीची (कपाशीची) फवारणी सगळं वेळेवर झालं.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे दोन दागिन्यांची दोन वेगळी कर्जखाती. बँकेतला माणूस एकाच खात्यात करू म्हणत होता, आम्ही ऐकलं नाही. कापूस विकल्यावर पाटल्यांचं खातं पूर्ण फेडलं आणि पाटल्या घरी आल्या. एकच खातं असतं तर त्या बँकेतून अर्धी रक्कम भरूनही एकही दागिना सुटला नसता.

खर्चाचा हिशेबही नीट करा. बाबांच्या ठेवीची मुदत अजून बाकी आहे, तिच्यावर व्याज चालूच आहे. म्हणून थांबण्याची खरी किंमत दोन्ही व्याजदरांमधल्या फरकाएवढीच. हे कळल्यावर आईचा जीव शांत झाला.

सांभाळायचं ते मुदतीचं. आमचं कर्ज वर्षाचं आहे आणि ते थकलं तर नोटीस देऊन लिलाव होतो. उरलेल्या खात्याचं व्याज मी तुरीच्या पैशातून भरतोय. आई, बहीण आणि मी, तिघांचा ठेवीत सारखा हिस्सा आहे. कर्ज सगळ्यांच्या वावरासाठी काढलं, म्हणून व्याजही तिघांत वाटायचं असं कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्यात. सर्टिफिकेट माझ्या नावानं निघालं तरी ते बँकेकडून पैसे घेण्यापुरतं, मालकी त्यानं ठरत नाही. बहिणीला हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तिनं कोर्टात ना-हरकत दिली.

एक काम मात्र कोर्टाची वाट न पाहता करा, ते म्हणजे वारस नोंद. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो. बुलडाण्यातून सुरू झालेल्या, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावणाऱ्या जिवंत सातबारा मोहिमेत आमच्या गावातल्या कितीतरी जुन्या नोंदी लागल्या. आमच्या वारस नोंदीचा फेरफार आता मंजूर झालाय, त्यामुळे पुढच्या खरिपाला पीककर्ज मिळेल. ३ लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर व्याज सवलतीमुळे ते सोनेतारणापेक्षा फार स्वस्त पडतं.