कॅलिपरचा लाल रंग आणि वरून चिकटवलेलं लेबल

कारच्या ब्रेक कॅलिपरला, म्हणजे चाकामागे बसून ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या धातूच्या भागाला, घरी रंग द्यायचं मनात असेल आणि दुकानदार 'हाय टेम्परेचर' रंगाचा डबा, त्याच्यासोबत सुट्या बाटलीतलं ब्रेक क्लीनर असा संच पुढे करत असेल, तर पैसे देण्याआधी डब्याचं लेबल नखाने खरवडून पाहा. मी पाहिलं नव्हतं. त्याची किंमत चिखलदऱ्याच्या घाटात कळली, आणि त्या वेळी गाडीत आई, बायको आणि सात वर्षांची मुलगी बसलेली होती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

मी नागपुरात मानेवाड्याला राहतो आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये काम करतो. गाडी २०१४ ची स्विफ्ट. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड ही कामं मी घरच्या पोर्चमध्येच करतो. या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. कॅलिपर डिस्कलाच असतात, म्हणजे ते दोनच. ते बिडाचे असतात. पावसाळा संपला की त्यांच्यावर गंजाची तांबडी साय चढते आणि अलॉय चाकांच्या फटींतून ती नजरेत भरते. गंजामुळे ब्रेकचं काही बिघडत नव्हतं. पण दसऱ्याला गाडीची पूजा असते, हार घालायचा असतो, तर त्याआधी हे काम करून टाकावं असं वाटलं.

दुकान शहराच्या मध्यभागातलं, बाहेर सीट कव्हरं लटकलेलं, चांगल्या गर्दीचं. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण आता तक्रारीत आहे. मी कॅलिपरचा रंग मागितला. त्याने आतून लाल रंगाचा स्प्रे आणला. डब्यावर चकचकीत लेबल, ज्वाळांचं चित्र आणि '९०० डिग्री सेल्सियस' असे ठळक आकडे.

"इम्पोर्टेड माल आहे भाऊ. दोनच डबे राहिले, लोकं फोन करून करून मांगून राहिले."

साफ करायला काय, असं विचारलं तर त्याने एक लिटरची पांढरी बाटली काढली. तिच्यावर मार्करने 'ब्रेक क्लीनर' लिहिलेलं. "कंपनीचा डबा चारशे मिलीचा येते, हे आपण ड्रममधून सुटं देतो. तोच माल, स्वस्तात." रंगाचे १,४५०, क्लीनरचे ६००, कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिनांसाठी ग्रीसची पुडी २०० रुपये. एकूण २,२५०. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल पाहिजे असन तर जीएसटी वर लागन." एका चिठोऱ्यावर 'रंग सामान २,२५०' लिहून दिलं. मी यूपीआयने पैसे दिले आणि निघालो.

त्या डब्यावरचा आकडाच खोटा होता आणि तो मला तिथेच कळायला हवा होता, कारण धातू हा माझा रोजचा विषय आहे. कॅलिपरसाठीच्या नावाजलेल्या रंगांवर साधारण ९०० अंश लिहिलेलं असतं खरं, पण ते फॅरनहाइट. सेल्सियसमध्ये ते ४८२ होतात. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, आणि कितीतरी गाड्यांचे कॅलिपर अॅल्युमिनियमचेच असतात. ज्या उष्णतेत कॅलिपरच वितळून जाईल तिथे रंग टिकतो असा दावा करणाऱ्याने कुठून तरी आकडा उचलला आहे आणि एकक आपल्या मनाने लिहिलं आहे, हे उघड आहे.

रविवारी सकाळी कामाला लागलो. मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक लावून गाडी घोडीवर घेतली, चाकं काढली. तारेच्या ब्रशने गंज काढला, पॉलिश पेपर मारला. तोंडाला मास्क होता, कारण पॅडची भुकटी छातीत जाणं वाईट. डिस्क, ब्रेकचा पाइप, ब्लीडरचा (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा) निप्पल, पिस्टनचं आणि पिनांची रबरं, पॅड जिथे सरकतात त्या जागा, सगळं मास्किंग टेप आणि वर्तमानपत्राने झाकलं. पण झाकण्याच्या आधी ते बाटलीतलं क्लीनर मी हात सैल सोडून ओतलं होतं. सगळीकडे, रबरांवरसुद्धा. खरं ब्रेक क्लीनर क्षणात उडून जातं. हे उडत नव्हतं. ओलसर राहत होतं, बोटाला तेलकट लागत होतं आणि वासही ओळखीचा होता. मी फडक्याने पुसून पुढे गेलो. त्या घटकेला थांबलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं.

रंगाचे तीन पातळ हात दिले, दोन हातांच्या मध्ये दहा-बारा मिनिटं. संध्याकाळी चाकं चढवली, ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबून कडक झालं की नाही ते पाहिलं. दसऱ्याला आईने चाकांना हळद-कुंकू वाहिलं तेव्हा कॅलिपर खरंच सुंदर दिसत होते.

दहा दिवसांत लाल रंग विटकरी झाला. धुळीमुळे असेल म्हणून मी धुतला, तर डाव्या बाजूचा पापुद्रा पाण्याबरोबर निघाला. वाईट वाटलं, पण तोवर नुकसान पैशांचंच आहे असं समजत होतो. नागपूर सपाट शहर आहे. रिंग रोडवर ब्रेक लागतो तो सिग्नलपुरता, त्यामुळे आत काय चाललं आहे ते जाणवलंच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अमरावती, परतवाडा करत चिखलदऱ्याला गेलो. गाविलगड पाहिला, भीमकुंड पाहिलं, मुलीसाठी देवी पॉइंटला दोनदा गेलो. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि परतवाड्याकडे येताना रस्ता वळणावळणाने उतरत राहतो. मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो, ब्रेक थोडा थोडाच वापरत होतो. अर्धा घाट झाला असेल, स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं. मग आई मागून म्हणाली, "अरे, कापड जळल्यासारखा वास येऊन राहिला." पुढच्या वळणाला पेडल दाबलं तर ते नेहमीपेक्षा कितीतरी खोल गेलं. दुसऱ्यांदा दाबलं, मग धरलं. हँडब्रेक आणि पहिला गिअर वापरून गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, सगळ्यांना खाली उतरवलं, चाकापुढे दगड लावला. डाव्या चाकाजवळ हात नेता येत नव्हता, इतकी धग. थोडा धूर. कॅलिपरवर रंग काळा पडून त्याला फोड आले होते.

बायको पाण्याची बाटली घेऊन धावली, मी थांबवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी टाकलं तर ती वाकू किंवा तडकू शकते. मुलीला कडेला घट्ट धरून आई बसली होती. तिचा हात कापत होता, तो मला अजून दिसतो.

वरून येणाऱ्या एका जीपवाल्या भाऊंनी परतवाड्याच्या मिस्त्रीला फोन लावून दिला. ते मोटरसायकलवर हत्यारांची पिशवी घेऊन आले. साठीचे असतील. चाक निवल्यावर काढलं, पिनेचं रबर बोटाने दाबलं, वास घेतला.

"भाऊ, याले घासलेट लावलं का?"

मी म्हणालो, नाही काका, ब्रेक क्लीनर लावलं.

"हे क्लीनर नोहे. रबर पाहा कसं फुगलं. पिन जाम झाली, म्हणून पॅड सुटूनच नाही राहिलं."

झालं ते असं. या गाडीचा कॅलिपर तरंगता असतो. पिस्टन एकाच बाजूला. तो आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून आणतो. पेडल सोडलं की त्याच पिनांवर सगळं ढिलं व्हायला हवं. ब्रेकमधली रबरं बहुधा ईपीडीएम नावाच्या जातीची असतात. ती ब्रेक ऑइलमध्ये वर्षानुवर्षं टिकतात, पण रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल असं खनिज तेल लागलं की फुगतात. फुगलेल्या रबराने पीन आवळली. डावं पॅड डिस्कला घासतच राहिलं आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचली. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल धरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. माझं ऑइल दोन वर्षांचं होतं. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. ऑइल वेळेवर न बदलणं हा माझा दोष, तो मी दुकानदारावर टाकत नाही.

काकांनी पीन सोडवली, घाटाखाली त्यांच्या मागे मागे पहिल्या गिअरमध्ये आलो. दोन्ही बाजूंची रबरं, पॅड आणि ऑइल बदललं. ग्रीसची पुडीही त्यांनी फेकायला लावली, ती साधी चाकाच्या बेअरिंगची होती. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लागतं. सगळं मिळून ४,१०० रुपये झाले, आणि त्यांनी न मागता छापील पावती दिली.

नागपूरला आल्यावर मी तो डबा गरम पाण्यात बुडवून ठेवला. अर्ध्या तासात ज्वाळांचं लेबल सुटलं. खाली पत्र्यावरच छापलेलं दुसरं नाव होतं, हार्डवेअरच्या दुकानात ग्रिलला मारायला मिळतो तो साधा स्प्रे. एमआरपी १९० रुपये. 'उष्ण पृष्ठभागावर वापरू नका' असंही छापलेलं. उरलेलं क्लीनर काचेवर थेंबभर टाकलं, रात्रभर तेलाचा डाग तसाच. दोन्हींचे फोटो काढले, लेबल सोलतानाचा व्हिडिओ केला.

दुकानात गेलो तर आधी ओळखच दिली नाही. मग म्हणाला, उघडलेला डबा परत होत नाही, तुम्हीच काहीतरी दुसरं लावलं असेल. आवाज चढवला. मी बाहेर आलो आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. पक्कं बिल नव्हतं, पण यूपीआयची नोंद आणि तो चिठोरा होता, तेवढ्यावर तक्रार घेतली गेली. नंतर रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार मालाचं खोटं वर्णन करणं ही अनुचित व्यापार प्रथा आहेच, पण बिल न देणं हीसुद्धा आहे. हे मलाही आधी ठाऊक नव्हतं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

नोटीस पोचल्यावर त्याचाच फोन आला. आवाज एकदम मऊ. "भाऊ, डबा घेऊन या, पूर्ण पैसे घेऊन जा." मी विचारलं, घाटातल्या कामाचे? म्हणे, तेही पाहू, पण डबा पाहिजे. तेव्हा कळलं की त्याला २,२५० ची काळजी नाही, डब्याची आहे. मी दिला नाही. उरलेला दुसरा डबा त्याने कोणाला विकला असेल, हा विचार मला त्या दिवसापासून सोडत नाही.

तुम्ही घेणार असाल तर डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा संपर्क पाहा. माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असलाच पाहिजे, वेष्टनातल्या वस्तूंच्या नियमांत ते बंधनकारक आहे. माझ्या डब्यावरच्या त्या लेबलवर यातलं एकही नव्हतं. सुटं क्लीनर कोणी कितीही स्वस्त दिलं तरी घेऊ नका. सीलबंद घेतलं तरी पहिला थेंब काचेवर टाका. काही मिनिटांत काच कोरडी आणि स्वच्छ दिसली नाही तर ते रबराजवळ नेऊच नका. रंगाचा एक हात जुन्या बोल्टवर मारा, पूर्ण वाळू द्या आणि त्यावर ब्रेक ऑइलचा थेंब ठेवा. साधा रंग सुरकुततो. आणि ज्यांनी अशा सुट्या बाटलीने ब्रेक आधीच धुतले आहेत त्यांनी रंगाचं सोडा, या आठवड्यातच चाक काढून पिना हाताने सरकतात का ते बघा.

माझे कॅलिपर सध्या बिनरंगाचे आहेत. डबा, सुटलेलं लेबल आणि पांढरी बाटली एका पिशवीत सील करून आईच्या लोखंडी कपाटात ठेवली आहे. आयोगापुढे तारीख लागली की ती पिशवी मी तिथे घेऊन जाणार आहे.