वाढदिवसाला काय द्यायचं, फँटसी कादंबरी का मांगा?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली किंवा कुणाचा वाढदिवस आला की हा प्रश्न ठरलेला, पोरगं अकरा-बारा वर्षांचं आहे, मोबाईलवर ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघत बसतंय, पुस्तक दिलं की चार पानं वाचून कुठंतरी टाकून देतंय, मग त्याला हॅरी पॉटर घेऊ का ती जपानी कॉमिक्स, म्हणजे मांगा, घेऊ. विचारणारी बहुतेक वेळा आत्या नाहीतर मामा, आणि बजेट हजारभर रुपये. माझ्या घरी दोन्ही प्रकारची पुस्तकं आहेत, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीतली पोरं ती न्यायला येतात, त्यामुळं कुठलं पुस्तक दोन दिवसात "पुढचं द्या की काका" म्हणत परत येतं आणि कुठलं महिनाभर कुणाच्या तरी दप्तरात पडून राहतं हे रोज बघायला मिळतं, त्यावरूनच लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकच गोष्ट घ्यायची असेल आणि पोरगं इंग्रजी बऱ्यापैकी वाचत असेल तर कादंबरी घ्या, आणि त्यातपण पहिल्यांदा हॅरी पॉटर नको, पर्सी जॅक्सन घ्या. मांगाच घ्यायचा असेल तर घ्यायच्या आधी ती सिरीज किती भागांची आहे ते बघा, कारण पुढं सगळा घोळ तिथंच होतो.

घोळ म्हणजे काय ते सांगतो. मांगाचा एक भाग साधारण दोनशे पानांचा, किंमत चार-पाचशेच्या घरात, आणि सवय झालेलं पोरगं तो तासाभरात संपवतं. पुण्याच्या एसटीत बसवलं तर कराड यायच्या आत पुस्तक बंद आणि "आता काय करू" सुरू. तेवढ्याच पैशात आलेली कादंबरी आठवडाभर जाते, सावकाश वाचणाऱ्याला महिनापण. आता वन पीसचं बघा, इचिरो ओदानं 1997 मध्ये सुरू केलं आणि शंभराच्या वर भाग होऊनसुद्धा अजून चालूच आहे. पहिला भाग तुम्ही गिफ्ट दिला की पुढचे शंभर कुणी घ्यायचे, तर त्याच्या आई-बापानं. पोरगं हट्टाला पेटलं की वहिनी तुमच्याच नावानं बोटं मोडणार. नारुतो 1999 ते 2014 चाललं, 72 भागांत संपलं, ते तरी संपलं म्हणायचं. दोन्हीचे तीन-तीन भाग एकत्र केलेले जाड एडिशन मिळतात, ते जरा परवडतात, पण नारुतोचे तसे धरले तरी 24 ठोकळे होतात, आणि फ्लॅटमध्ये ठेवायचे कुठं हापण एक प्रश्नच आहे.

आता कादंबऱ्यांकडं येऊ. हॅरी पॉटर वाईट आहे असं मी म्हणणार नाही, माझं स्वतःचं फेवरिट आहे, पण गिफ्ट म्हणून त्याच्या दोन अडचणी आहेत. एक तर सुरुवात संथ आहे, हॉगवर्ट्सला, म्हणजे जादूच्या शाळेत, पोचेपर्यंत बरीच पानं जातात आणि ॲनिमेवर वाढलेल्या पोराला तेवढा दम नसतो. दुसरी अडचण पुढं येते. पहिलं पुस्तक मूळ ब्रिटिश एडिशनमध्ये 223 पानांचं आहे आणि पाचवं 766 पानांचं. पोरं पहिली तीन पटापट वाचतात, चौथ्याला रेंगाळतात आणि पाचव्याला बसतात, मग "पिक्चर बघितलाय आम्ही" म्हणून सोडून देतात. पण हॅरी पॉटरकडं एक गोष्ट आहे जी बाकी कुणाकडं एवढ्या सहज मिळत नाही, ते मराठीत आहे. मंजुल पब्लिशिंग हाऊसनं काढलंय, पहिल्याचं नाव हॅरी पॉटर आणि परीस. मराठी किंवा सेमी इंग्लिशला असलेल्या पोराला जबरदस्तीनं इंग्रजी वाचायला लावून गोष्टीचाच कंटाळा आणण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. विकत घ्यायच्या आधी करवीर नगर वाचन मंदिरात नाहीतर तुमच्या जवळच्या वाचनालयात मराठी हॅरी पॉटर मागून बघा, चार दिवस पोराच्या हातात राहिलं तर मग घ्या. (करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं आहे बरं का, आपल्याच गावातल्या पोरांना ते कुठं आहे हे माहीत नसतं, मॉल बरोब्बर माहीत असतो.)

पर्सी जॅक्सन वर का, तर पहिल्याच प्रकरणात शाळेची ट्रिप म्युझियममध्ये गेलेली असते आणि गणिताच्या बाई पंख फुटून, नखं काढून पर्सीच्या अंगावर येतात. खल्लास. गणिताच्या बाई राक्षसीण निघाल्या हे वाचून जे पोरगं पुढचं पान उलटत नाही त्याला वाचनाचं सोडा, क्रिकेटची बॅट द्या. गोष्ट पर्सी स्वतःच सांगतो, टोमणे मारत मारत, प्रकरणं छोटी आणि प्रत्येकाच्या शेवटी काहीतरी लटकवून ठेवलेलं. लेखक रिक रायर्डन आधी शाळेत शिकवायचा, त्याच्या मुलाला एडीएचडी (एका जागी लक्ष न टिकणं) आणि डिस्लेक्सिया (अक्षरं वाचायला जड जाणं) होता, त्याला झोपताना सांगायला म्हणून ग्रीक देवांची ही गोष्ट त्यानं रचली, आणि म्हणून पर्सीलापण तेच दोन्ही आहे. ज्या पोराला शाळेत "लक्ष नसतं तुझं" हे रोज ऐकावं लागतं त्याला हा हिरो लगेच आपला वाटतो, हे मी डोळ्यानं बघितलंय. पहिली सिरीज पाच पुस्तकांची, 2005 ते 2009, पाचही आटोपशीर. संपल्यावर भूक राहिलीच तर पुढं आणखी पाच आहेत. तोटा एवढाच की अमेरिकन शाळेतले जोक आपल्या पोरांना सगळे लागत नाहीत, आणि ग्रीक देवांची नावं पहिल्यांदा डोक्यावरून जातात. जाऊ द्यात, वाचता वाचता बसतात.

तिसरा ऑप्शन आरू शाह, रोशनी चोक्सीचं, पाच पुस्तकं, पहिलं 2018 चं. अटलांटातल्या म्युझियममध्ये राहणारी मुलगी, लावायचा नाही तोच दिवा लावते आणि नको तो जागा होतो, आणि मग कळतं की पांडवांचा आत्मा आता मुलींमध्ये आलाय. आपल्या पोरांना महाभारत टीव्हीमुळं आणि आज्जीमुळं तोंडपाठ असतं, त्यामुळं अर्धी मजा आधीच कळते, उलट एका मुलीनं तर मला पुस्तकातल्या गोष्टी "असं नव्हतं काका" करून सुधारून सांगितल्या. मुलींसाठी मी हे आधी काढतो, पण लिहायची स्टाईल पर्सीचीच थोडी पातळ केलेली वाटते, तेवढी धार नाही.

आता मांगा. आधी एक घरगुती भांडण मिटवू, "चित्रांचं पुस्तक म्हणजे काय वाचन आहे का" हे. आपण सगळे चांदोबावर वाढलो, वेताळ झाडाला लटकलेला बघून पुढचं वाचायचो, तेव्हा आपल्याला कुणी असं म्हटलं नव्हतं. मांगात वाचायला शब्द कमी असतात हे खरं, पण कुठल्या चौकटीनंतर कुठं बघायचं, कोण बोलतंय, न लिहिलेलं काय घडलं, हे सगळं पोराला स्वतःच लावावं लागतं. मोठ्या माणसांना तर जमतच नाही, पुस्तक उजवीकडून सुरू होतं, आपण सवयीनं डावीकडून उघडलं की बऱ्याच भागांत चक्क एक पान असतं, तुम्ही उलटं वाचताय म्हणून सांगणारं. आमच्या दाजींनी ते वाचून पुस्तक परत ठेवलं.

सध्या सगळ्यात जास्त मागणी डेमन स्लेयरला. 2025 मध्ये इन्फिनिटी कॅसल पिक्चर आपल्याकडं हिंदीतपण लागला तेव्हापासून तर नाद खुळा झालाय. सिरीज 2016 ते 2020, 23 भागांत पूर्ण, म्हणजे हिशोबात बसणारी. पण सुरुवातच घरातल्या सगळ्यांच्या खुनानं होते, रक्त भरपूर, त्यामुळं दहाच्या आतल्या पोराला नको. आणि ज्यानं ॲनिमे सगळा बघितलाय त्याला भाग एक देऊन काही उपयोग नाही, चित्रं बघत वीस मिनिटांत उलटून टाकतो, माहीत असलेली गोष्ट कोण वाचतंय. त्याला 18 ते 23 द्या. पिक्चर जिथं थांबतो ते अठराव्या भागात येतं, त्याच्या पुढं काय झालं हे शाळेत सगळ्यांच्या आधी आपल्याला कळणार म्हटल्यावर जे पोरगं धडा वाचत नाही ते इंग्रजीचे शब्द विचारत विचारत वाचतं. सहाच पुस्तकं, ती पण एकेक करून देता येतात.

पण मला विचाराल तर तेरा-चौदाच्या पोराला फुलमेटल अल्केमिस्ट. हिरोमू अराकावा नावाच्या बाईंनी काढलंय, 27 भाग, 2001 ते 2010, तीन-तीनच्या एडिशनमध्ये घेतलं तर नऊच पुस्तकं. दोन भाऊ मेलेल्या आईला परत आणायला जातात आणि त्याची किंमत म्हणून थोरल्याचा हात-पाय जातो आणि धाकट्याचं अख्खं शरीर, त्याचा आत्मा चिलखतात बांधलेला. काही मिळवायचं तर तेवढंच द्यावं लागतं हा नियम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाळलाय, कुठंही लेखिकेनं सोयीनं मोडला नाही, आणि पोरं ह्या बाबतीत फार कडक असतात, नियम मोडलेला त्यांना लगेच कळतो. बाई होक्काइदोच्या, घरचा दुधाचा धंदा, स्वतःचं चित्र काढायचं तर गाय काढतात, कोल्हापूरकरांना आवडायला हरकत नाही. एक सांगून ठेवतो, सुरुवातीच्याच भागांत एका लहान मुलीचा आणि तिच्या कुत्र्याचा प्रसंग आहे, तो मोठ्यांनासुद्धा झोपू देत नाही. हळव्या पोराला देणार असाल तर आधी तुम्ही वाचा.

दहा-बाराच्या मुलांना, आणि जी पोरं वहीच्या मागच्या पानावर सारखी चित्रं काढत बसतात त्यांना, विच हॅट अतेलिए. कामोमे शिराहामाचं, 2016 पासून चालू आहे. मांगातलं हॅरी पॉटर म्हणा हवं तर, पण एक बाबतीत मला ते हॅरीच्या पुढं वाटतं. हॅरीच्या जगात जादू जन्मानं असते, असली तर असली नाहीतर तुम्ही मगल. इथं कोको नावाच्या शिंपिणीच्या पोरीलापण असंच सांगितलेलं असतं, आणि ती चोरून बघते तर काय, जादूगार लोक पेन घेऊन शाईनं वर्तुळ काढत बसलेत. आत खुणा काढायच्या, वर्तुळ शेवटी बंद केलं की जादू सुरू. म्हणजे ज्याला काढता येतं त्याला जादू येते, एवढंच गुपित, ते ह्या लोकांनी जगापासून लपवून ठेवलेलं. उडायच्या बुटांचं बघा, एका बुटाच्या तळाला अर्धं वर्तुळ आणि दुसऱ्याच्या तळाला अर्धं, दोन्ही पाय जुळवले की वर्तुळ पूर्ण आणि माणूस हवेत. हे वाचून गेलेल्या एका पोरीनं दुसऱ्या दिवशी स्वतःच्या चपलांवर मार्करनं काढून आणलं, आईनं काय केलं ते विचारू नका. चित्रं इतकी बारीक आहेत की हे पुस्तक तासात संपत नाही, पोरं भिंग लावल्यासारखी बघत बसतात आणि काढत बसतात. कलापूर म्हणवणाऱ्या गावात ह्याचा जास्त गाजावाजा व्हायला पाहिजे खरं तर. तोटा, हे कोडान्शा ह्या प्रकाशकाचं, त्यामुळं बहुतेकदा विझ ह्या दुसऱ्या मांगा प्रकाशकाच्या पुस्तकांपेक्षा महाग पडतं, आणि पुढं गोष्ट जरा गडद होत जाते.

वयाचं तेवढं बघा. विझच्या पुस्तकांवर मागं टी लिहिलेलं असतं म्हणजे तेरा प्लस, टी प्लस म्हणजे सोळाच्या पुढं. डेथ नोट, चेन्सॉ मॅन हे टी प्लसमध्ये येतात आणि पोरं तेच मागतात, कारण वर्गात कुणाच्या तरी दादाकडं असतं. कव्हर गोंडस आहे म्हणून घेऊन देऊ नका. ऑनलाईन अख्खा सेट निम्म्याच्या निम्म्या किमतीत दिसला की तो बहुतेक डुप्लिकेट, मी एकदा मागवला होता, काळ्या जागा राखाडी आणि बाजूचे शब्द कटिंगमध्ये गेलेले, पैसे परत मागायला गेलो तर विकणाराच गायब.

घ्यायच्या आधी चाखून बघायचं असेल तर शुएशा ह्या जपानी प्रकाशकाचं मांगा प्लस ॲप आहे, ऑफिशियल, बहुतेक सिरीजचे पहिले तीन आणि ताजे तीन चॅप्टर फुकट असतात. पोराला तीन चॅप्टर वाचू द्या, चौथा मागितला तर पुस्तक घ्या. त्या जाहिरातींनी भरलेल्या फुकट साईट्सवर मात्र सोडू नका, मांगा राहतो बाजूला आणि भलतंच काहीतरी उघडतं.

तर हजार रुपयात काय, तर माझी यादी अशी. इंग्रजी बरं वाचणारं पण वाचनाचा कंटाळा असलेलं पोरगं असेल तर पर्सी जॅक्सनची पहिली दोन. मराठीत रमणारं असेल तर हॅरी पॉटर आणि परीस, आणि उरलेल्या पैशात जयंत नारळीकरांचं यक्षांची देणगी, ते फँटसी नाही, विज्ञानकथा आहेत, पण जादूची भूक त्यानंपण भागते, आणि नारळीकरांचा जन्म कोल्हापुरातलाच, 1938 चा, हे पोराला सांगा. चित्रं काढणाऱ्याला विच हॅटचा पहिला भाग आणि एक चांगलं काळं पेन. काहीच न वाचणाऱ्या ॲनिमेवाल्याला डेमन स्लेयर अठरा आणि एकोणीस. आणि पोरगं नेमकं कशातलं आहे हे माहीतच नसेल तर पर्सी जॅक्सन एकच घ्या, दुकानदाराला बदलून देणार का ते आधी विचारा आणि पहिल्या पानावर नाव-बिव लिहू नका, नाव लिहिलेलं पुस्तक कुणी परत घेत नाही.