नोकरी शोधताना ओळखी गूगल शीटमध्ये ठेवल्या: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ऑक्टोबरात आमच्या चाकणच्या प्लँटमधली एक लाइन बंद झाली आणि क्वालिटीतल्या आम्हा सहा जणांना कमी केलं. अकरा वर्षांची नोकरी होती. पहिले तीन आठवडे मी सुचेल त्याला फोन करत सुटले. काही नोंदी वहीच्या मागच्या पानावर, काही व्हॉट्सॲपवर स्टार केलेल्या, बाकी डोक्यात. एका जुन्या सहकाऱ्याला दहा दिवसांत दुसऱ्यांदा तोच सीव्ही गेला. तो म्हणाला, "ताई, मी एचआरला दिलाय तुमचा सीव्ही, परवाच बोललो ना आपण." मला फार वाईट वाटलं. माणूस आपल्यासाठी शब्द टाकतो आणि आपल्या ते लक्षातही नाही. त्या रात्री शीट उघडली.

सुरुवात लिंक्डइनपासून केली. सेटिंगमधून आपल्या डेटाची प्रत मागवता येते, त्यात सगळ्या कनेक्शनची यादी असते: नाव, कंपनी, पद, कधी जोडले गेलो ती तारीख. ईमेलचा रकाना बहुतेकांचा रिकामाच येतो. माझ्याकडे सहाशेच्या वर नावं निघाली. ती तशीच ठेवली असती तर शीट आठवड्यात मेली असती. ज्यांना माझं काम माहीत आहे तेवढेच ठेवले, त्यात फोनमधले व्हेंडर, ऑडिटर, कॉलेजचे मित्र घातले. ९४ ओळी झाल्या.

रकाने हळूहळू ठरले. नाव, आता कुठे आहेत, ओळख कुठली, शेवटचं बोलणं कधी, काय बोललो, पुढचा फोन कधी. शेवटचे दोन रकाने म्हणजे या शीटचा जीव. पुढच्या फोनची तारीख उलटली की ती चौकट लाल व्हावी म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं, दोन मिनिटांचं काम आहे. रोज सकाळी चहा घेताना लाल नावं बघायची आणि तेवढेच फोन करायचे. आज कोणाला त्रास द्यावा, हा प्रश्नच उरला नाही.

त्रासही झाला, तो सांगते. फोन नंबर अधिक ९१ लावून, मध्ये जागा सोडून टाकला की शीट त्याला गणित समजते आणि एरर दाखवते. तो रकाना आधी प्लेन टेक्स्ट करून घ्या. जानेवारीत मी फक्त तारखांचा रकाना निवडून सॉर्ट केला. तारखा हलल्या, नावं जागेवरच. कोणाचा फोन कधी, काही कळेना. व्हर्जन हिस्टरीतून आदल्या दिवशीची शीट परत आणली, नाहीतर तीन महिन्यांची मेहनत गेली होती. तेव्हापासून सॉर्ट न करता फिल्टरच वापरते. मोबाइलवर लांब मजकूर टाइप करणं जिकिरीचं आहे, मी फोन ठेवल्या ठेवल्या दोन शब्द लिहून ठेवते आणि घरी लॅपटॉपवर नीट करते. आणि शीट कोणालाही लिंकने देऊ नका. माझ्याबरोबर कमी झालेल्या मैत्रिणीने मागितली तेव्हा मी नुसते रकाने असलेली कोरी प्रत दिली. लोकांचे नंबर आणि घरच्या गोष्टी आहेत त्यात.

फेब्रुवारीत तिनेच मला मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या १९७३ च्या लेखाबद्दल सांगितलं. ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना त्याने विचारलं होतं की सांगणारा माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. वारंवार भेटणारा, असं सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले, बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. पाहणी लहान होती, पण मी माझी शीट बघितली तर लाल होऊन पडलेली नावं नेमकी तसलीच. जवळच्यांना मी चार-चारदा फोन केले होते. लांबच्यांना संकोचाने टाळलं होतं.

अशा लांबच्या ओळखींत टूल रूमचे एक सर होते, २०१६ नंतर भेट नाही. डिसेंबरात एकदा बोलले होते, पुढे लिहिलं होतं: "मुलीची दहावी. मार्चनंतर." परीक्षा संपल्यावर फोन केला आणि आधी पेपर कसे गेले ते विचारलं. सर क्षणभर थांबले. "तुला आठवतंय?" मग वीस मिनिटं बोलले, मुलीबद्दल, तळेगावच्या नव्या कामाबद्दल, आणि जाता जाता म्हणाले, रांजणगावला माझा मित्र सप्लायर क्वालिटीला माणूस शोधतोय, अजून जाहिरात नाही, सीव्ही पाठव. मला खरंच आठवत नव्हतं, शीटमध्ये होतं. पण ते लिहून ठेवताना मला त्यांची काळजी वाटली होती, हेही तितकंच खरं. मे महिन्यात मी रांजणगावला रुजू झाले.

शीट बंद केलेली नाही. एक रकाना वाढवलाय: "मी त्यांच्यासाठी काय". नोकरी लागल्याचं सगळ्यांना फोन करून सांगायचं ठरवलं होतं, मेसेज टाकून नाही. एकतीस जणांनी या ना त्या प्रकारे मदत केली होती. अठ्ठावीस फोन झाले. तीन नावं अजून लाल आहेत, त्यातलं एक त्या सीव्हीवाल्या सहकाऱ्याचं. रविवारी त्याच्या घरीच जाणार आहे.