एका चौकटीपायी गेलेले अठ्ठावीस हजार

मार्व्हलच्या ‘इन्क्रेडिबल हल्क’ या अमेरिकी कॉमिकच्या ऑक्टोबर १९७४ च्या १८० व्या अंकात वुल्वरिन हा पुढे गाजलेला नायक पहिल्यांदाच, अगदी शेवटच्या चौकटीत अवतरतो आणि गोष्ट तिथेच तोडलेली आहे, हल्कशी त्याची खरी झुंज नोव्हेंबरच्या १८१ व्या अंकात होते. संग्राहक १८१ ला कितीतरी अधिक मोजतात, आणि १८० ला जी किंमत येते ती मुख्यतः त्या एका चौकटीमुळे. हे मला पक्के ठाऊक होते, तरीही मी फसलो.

१८० वा अंक विकायची जाहिरात देणाऱ्या गृहस्थाने मागितल्याबरोबर त्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. पानाचा खालचा कोपरा दुमडलेला होता, म्हणजे जुनी, वापरलेली प्रत, असे म्हणून मी उलट खूशच झालो. आठ हजार यूपीआयने आगाऊ दिले आणि उरलेले वीस हजार रोख घेऊन ठाणे स्थानकाबाहेर सॅटिस पुलाखाली त्याला भेटलो. अंक चिकटपट्टीने बंद केलेल्या पिशवीत होता. “काका, कागद ठिसूळ झालाय, इथे गर्दीत उघडू नका, कडा तुटतील,” असे तो काळजीने म्हणाला. मला ते पटले, याचीच आज जास्त लाज वाटते.

नौपाड्यातल्या घरी पिशवी उघडली. मुखपृष्ठ अस्सल, आतला कागद पिवळा पडलेला, जुन्या रद्दीचा तो ओळखीचा वास. पण शेवटच्या पानाचा कोपरा कुठेही दुमडलेला नव्हता. पान गुळगुळीत लागले. भिंग धरले तेव्हा इतर पानांवर छपाईचे रंगीत ठिपके स्पष्ट दिसत होते, या पानावर ते नव्हते, आणि ओले बोट फिरवताच वुल्वरिनचा पिवळा पोशाख पसरला. मधोमध पिना मारलेल्या अशा अंकात प्रत्येक पान पलीकडच्या एका पानाशी अखंड असते. इथे मूळ पान पिनेजवळ कापून उरलेल्या पट्टीला प्रिंटरवर काढलेले पान डिंकाने चिकटवले होते. वाचकांच्या पत्रांच्या पानावरचा मार्व्हलचा कूपनवजा शिक्काही कापलेला होता, पण तो त्या काळी मुलेच कापून घेत, त्याचा दोष मी या माणसाला देत नाही.

फोन बंद लागला. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार केली, पण तीही पाचव्या दिवशी, कारण चार दिवस मी त्याच्या फोनची वाट पाहत बसलो. तोवर आठ हजार त्या खात्यातून पुढे गेले होते आणि रोख दिलेल्या रकमेला पुरावाच नव्हता. असा अंक घेताना पिशवी समोरच उघडायला लावा, पिनेपाशी प्रत्येक पान सलग आहे का ते पाहा, आणि विक्रेता नकार देत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

गेल्या रविवारी वाशीच्या पत्त्यावर, वेगळ्या नावाने, हाच अंक पुन्हा विक्रीस आलेला पाहिला. फोटोतील पानाचा खालचा कोपरा तसाच दुमडलेला आहे.