खाओ सानजवळच्या स्वस्त गेस्टहाऊसमध्ये तीन महिने: वापरानंतरचा अनुभव

बँकॉकच्या बांगलाम्फू भागात स्वस्त गेस्टहाऊस शोधताना बहुतेक जण नाव, फोटो आणि रेटिंग पाहतात. तीन महिने राहिल्यावर ठामपणे सांगता येतं की इथे गेस्टहाऊसपेक्षा खोली निवडावी लागते. एकाच इमारतीत, एकाच भाड्यात मागच्या अंगाची खोली छान राहण्याजोगी असते आणि रस्त्याकडच्या खोलीत रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. बाकीच्या उणिवा शंभर-दोनशे बाटांत (बाट म्हणजे थायलंडचं चलन) भरून निघतात. आवाज आणि ओल यांवर मात्र खोली बदलण्यावाचून इलाज नाही.

आधी जागा समजून घ्या. खाओ सान रस्ता जेमतेम ४०० मीटरचा. नावाचा अर्थ कांडलेला तांदूळ, कारण पूर्वी इथे तांदळाचा बाजार होता. पश्चिमेच्या टोकाला चक्रफोंग रस्ता, तो ओलांडला की वाट चना सोंगखराम हे बौद्ध मंदिर, आणि मंदिराला वळसा घालून जाणारी रामबुत्री गल्ली. तिथून पुढे फ्रा आथित रस्ता आणि चाओ फ्राया नदी. उत्तरेला कालवा ओलांडला की सामसेन रस्ता सुरू होतो. खुद्द खाओ सानवर चार रात्रींपेक्षा जास्त राहायचं असेल तर खोली घेऊच नका. रामबुत्रीत मंदिराच्या भिंतीमुळे एक बाजू शांत मिळते, पण तिथेही आता बार आहेत. लांबच्या मुक्कामाला सामसेनच्या पहिल्या काही गल्ल्या सगळ्यांत बऱ्या. खाओ सान दहा-बारा मिनिटांच्या चालीवर, आणि सकाळी दारात भाजीवाले, भातवाले, शाळेची मुलं. जांभळ्या मेट्रो मार्गाच्या कामामुळे सामसेन रस्त्यावर गाड्या रेंगाळतात, तेवढं धरून चाला.

आवाजाची परीक्षा दुपारी होत नाही. पहिल्या दोनच रात्रींचे पैसे भरा आणि त्यात शुक्रवार किंवा शनिवार येईल असं पाहा. रात्री अकराला पंखा बंद करून तळहात भिंतीला लावा. भिंत थरथरत असेल तर ती खोली सोडा. कानातले बोळे गप्पा, हॉर्न, भांड्यांचा आवाज अडवतात. पण स्पीकरचा खालचा धडधडता आवाज भिंतीतून आणि पलंगातून अंगात शिरतो, तो बोळ्यांनी थांबत नाही. जुन्या लाकडी घरांत हे सर्वाधिक, कारण खोल्यांमधल्या भिंती म्हणजे नुसत्या फळ्या किंवा प्लाय. बार थांबले की रिकाम्या बाटल्या गोळा करणाऱ्यांचा खळखळाट आणि रस्ता धुणं सुरू होतं. खिडकीबाहेर शेजारच्या एसीची बाहेरची युनिटं टांगलेली नाहीत ना, हेही पाहून घ्या. ती रात्रभर घरघरतात आणि गरम हवा आत फेकतात.

ओलीचं तसंच. स्वस्त खोल्यांपैकी बऱ्याच खोल्यांची खिडकी बाहेर उघडत नाही, जिन्याकडे किंवा बोळात उघडते. फेब्रुवारीत हे खटकत नाही. मे महिन्यात पाऊस सुरू झाला की आठवडाभरात बॅगेच्या तळाला, चपलांच्या पट्ट्याला पांढरी बुरशी धरते. खोली पाहताना कपाट उघडून वास घ्या, पलंग भिंतीपासून वीतभर ओढून मागचा रंग पाहा. रंग फुगलेला असेल किंवा त्याचे पोपडे हातात येत असतील तर आत पाणी मुरतंय.

ढेकणांची तपासणी बॅग उघडण्याआधी करा. बॅग तोवर बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेवा. चादर चारही कोपऱ्यांतून उचला आणि मोबाईलच्या टॉर्चने गादीची शिवण आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीतली स्क्रूची भोकं बघा. बॉलपेनच्या शाईसारखे बारीक काळे ठिपके दिसले तर ओला टिश्यू फिरवा. डाग तपकिरी-लालसर पसरला की ढेकूण आहेत असं समजा. दुसरी खोली घेताना शेजारची घेऊ नका, मजला बदला; भिंतीच्या फटीतून ते सहज पलीकडे जातात. कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवून ड्रायरमध्ये कडक तापवले की सुटका होते.

बाथरूममध्ये आपल्यासारखा साठवणीचा गिझर नसतो. भिंतीवर चालत्या पाण्याला तापवणारा छोटा डबा असतो, साधारण साडेतीन किलोवॉटचा. आंघोळीआधी, अंग कोरडं असताना, त्यावरचं टेस्टचं बटण दाबा. दिवा विझून हीटर बंद पडला पाहिजे; मग परत चालू करा. टेस्ट दाबूनही तो चालूच राहिला तर शॉकचा धोका आहे, त्याखाली उभं राहू नका, खोली बदलून मागा. ही एक गोष्ट आळसाने टाळू नये. पाणी नीट गरम होत नसेल तर नळ थोडा कमी सोडा, धार मोठी असली की पाण्याला तापायला वेळच मिळत नाही. संडासात पाण्याचा पाइप असतोच, ती चिंता नाही. मात्र जुन्या इमारतींत कागद भांड्यात टाकला की तुंबतं. त्यासाठी शेजारी डबा ठेवलेला असतो. बादली सहसा मिळत नाही. वीस बाटवाल्या दुकानांत आणि बाजारात प्लास्टिकची बादली आणि तांब्या मिळतो. तांब्याला तिथे ‘खान’ म्हणतात.

आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. मोबाईल चार्जरचा दोन पिनांचा बहुधा बसतो, पण सैल. सॉकेट एकच, तेही पलंगामागे, म्हणून तीन मीटरची एक्स्टेंशन बोर्डाची वायर तिथेच विकत घ्या. खोलीत शेगडी लावायला बंदी असते आणि ती योग्य आहे, जुन्या वायरिंगला तो भार झेपत नाही.

भाड्याचं गणित असं. पंखा आणि सामाईक बाथरूम असलेली खोली रात्रीला ३५० ते ४५० बाट, स्वतःचं बाथरूम आणि एसी हवा तर ६५० ते ९००. महिन्याचा दर वेबसाइटवर मिळत नाही. एक आठवडा राहून मालकिणीशी समोरासमोर, सकाळच्या निवांत वेळी बोला. पण पैसे आठवड्याचेच द्या. महिन्याचे आगाऊ दिले की मध्येच सोडल्यास परत मिळणं कठीण. महिन्याच्या करारात वीज वेगळी असेल तर युनिटचा दर विचारा. सरकारी दर चारेक बाट, गेस्टहाऊस सात-आठ लावतात. नऊ हजार बीटीयूचा (म्हणजे पाऊण टनाचा) एसी रात्री आठ तास चालला तर पाचेक युनिटं जातात, म्हणजे रोजचे ४० बाट, महिन्याचे १२००. किल्लीच्या अनामतीची पावती घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. जुन्या घरांत दाराला नुसता कडी-कोयंडा असतो, तेव्हा घरून आपलं चांगलं कुलूप न्या.

लांब राहणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न: टीएम३० भरता का? परदेशी पाहुणा उतरल्याची ही नोंद घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनकडे करायची असते. मुक्काम ३० दिवसांनी वाढवायला १९०० बाट शुल्क लागतं आणि त्या वेळी ही नोंद मागितली जाते. स्वस्त गेस्टहाऊसवाले हिचा कंटाळा करतात आणि हेलपाटा आपल्याला पडतो.

खाण्याची आबाळ होत नाही, शाकाहाऱ्यांचीसुद्धा. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत ‘जे’ (เจ) लिहिलेलं दिसलं की तिथे मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. आपल्याकडच्या जैन कुटुंबांना हे फार सोयीचं. साध्या गाड्यावर ‘माई साय नाम प्ला’ असं आवर्जून सांगा, नाहीतर भाजीतही माशाचा सॉस पडतो. चपातीची आठवण अनावर झाली तर फाहुरात या भारतीय बाजाराच्या भागात जा. तिथल्या मोठ्या गुरुद्वारात लंगर असतो आणि आसपास आपल्या मसाल्यांची दुकानं आहेत. नळाचं पाणी पिऊ नका. गल्लीतल्या नाण्याच्या यंत्रातून लिटरला साधारण एक बाट दराने गाळलेलं पाणी मिळतं, घरची बाटली लावून भरा.

सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा पाणी उडवण्याचा सण (१३ ते १५ एप्रिल), ही या मुक्कामाची खरी कसोटी. भाडी चढतात, खाओ सानच्या आसपासचे रस्ते बंद होतात, आणि दारातून पाय बाहेर टाकला की माणूस नखशिखांत भिजतो. जुना दर १७ तारखेपर्यंत राहील हे मार्चमध्येच कागदावर लिहून घ्या. पासपोर्ट खोलीत, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि पिण्याचं पाणी व खाणं तीन दिवसांचं आधी भरून ठेवा.

ये-जा करायला फ्रा आथितचा धक्का उत्तम. नारिंगी झेंड्याची बोट १६ बाटांत नदीने खाली साथोर्नला सोडते, तिथे स्कायट्रेन मिळते. मात्र संध्याकाळनंतर बोट नसते. सुवर्णभूमी विमानतळावरून एस१ बस ६० बाटांत थेट येते, डॉन मुआंगवरून ए४ बस ५० बाटांत. दोन्ही रात्री उशिरा किंवा पहाटे चालत नाहीत. पहाटेचं विमान असेल तर अ‍ॅपवरून गाडी बोलावताना ठिकाण खाओ सान टाकू नका, गर्दीत गाडी आत शिरत नाही. चक्रफोंग रस्त्यावर उभे राहा. किल्लीची अनामत आदल्या संध्याकाळीच मागून घ्या, पहाटे चारला काउंटरवर कुणी नसतं.