पेडल्स ॲम्पच्या पुढे लावायची की लूपमध्ये?

गिटारची पाच-सहा पेडल्स जमली की हा प्रश्न येतोच. ट्यूनर, वॉ (पायाने आवाज उघडता-मिटता येणारा), ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारा), फेझर (आवाजात लाट आणणारा), डिले (पडसाद देणारा), रिव्हर्ब (घुमक देणारा). बोर्ड आणलेला असतो, वेल्क्रोचा रोल आणलेला असतो, आणि फरशीवर बसून पेडल्स इकडची तिकडे करण्यात अख्खा रविवार जातो. आधी वॉ, मग कंप्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा), मग ड्राइव्ह, मग मॉड्युलेशन (फेझरसारखी पेडल्स), शेवटी डिले आणि रिव्हर्ब हा क्रम बहुतेकांना पाठ असतो. क्रम चुकीचा नाही. पण तो एक गोष्ट गृहीत धरतो आणि ती सहसा कुणी सांगत नाही: तुमचा आवाज पेडलमध्ये फाटतो, म्हणजे डिस्टॉर्ट होतो, ॲम्पमध्ये नाही.

माझ्या मते बोर्ड मांडायला बसण्याआधी एवढंच ठरवावं, की आवाज फाटणार कुठे. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

मांडण्या मुख्यतः दोन. पहिलीत सगळी पेडल्स गिटार आणि ॲम्पचं इनपुट यांच्यामध्ये एका माळेत असतात. दुसरीत वॉ, कंप्रेसर आणि ड्राइव्ह इनपुटच्या आधीच राहतात. फेझर, डिले आणि रिव्हर्ब मात्र ॲम्पच्या मागच्या सेंड आणि रिटर्न या जॅकमध्ये, म्हणजे प्रीॲम्प (आवाज घडवणारा भाग) आणि पॉवर ॲम्प (तो मोठा करणारा भाग) यांच्या मधोमध जातात. यालाच लूप म्हणतात. पहिलीला दोन लांब केबल पुरतात, दुसरीला चार लागतात.

एकाच सुरावर ऐकून पाहा

डिले ४०० मिलिसेकंदांवर ठेवा आणि चार-पाच पडसाद ऐकू येतील इतका फीडबॅक द्या. डिले ॲम्पच्या पुढे, ॲम्प क्लीन चॅनलवर. एकच सूर छेडा आणि तारांवर हात ठेवून त्या बंद करा. सूर, त्याच्यामागून थोडा हळू पडसाद, त्याहून हळू, त्याहून हळू, आणि शांतता. उतरत्या पायऱ्यांसारखं.

आता काही न हलवता ॲम्पचा गेन चॅनल, म्हणजे आवाज फाडणारा, लावा आणि तोच सूर पुन्हा छेडा. पहिला पडसाद मूळ सुराइतकाच मोठा येतो. दुसराही जवळजवळ तेवढाच. पायऱ्या नाहीशा होतात. कारण डिस्टॉर्शन मोठ्या आवाजाचं डोकं कापतं आणि लहान आवाजाला वर ओढतं. डिलेने निम्म्यावर आणलेला पडसाद फाटण्याच्या टप्प्यातून गेला की पुन्हा वर येतो. त्याहून वाईट म्हणजे, पडसाद वाजत असताना तुम्ही दुसरी कॉर्ड घेतली तर जुनी कॉर्ड आणि नवी कॉर्ड एकत्र फाटतात, आणि दोन्हींत नसलेले सूर त्या गोंधळातून निघतात. दोनच स्वरांची पॉवर कॉर्ड असेल तर निभावतं. तिच्यात तिसरा स्वर घातला की चिखल होतो.

तोच डिले आता सेंड आणि रिटर्नमध्ये लावा. गेन चॅनल तसाच. फाटलेला सूर, मग तोच फाटलेला सूर हळू, मग आणखी हळू. पायऱ्या परत आल्या. लूप बनवला तो यासाठीच.

मग पुढे लावलेला डिले नेहमीच वाईट का? मुळीच नाही. यू-टू बँडचा गिटारवादक एज आपला डिले व्हॉक्स एसी-३० ॲम्पच्या पुढेच लावत आला आहे. तो ॲम्प जेमतेम फाटण्याच्या काठावर असतो, त्यामुळे पडसाद चिखल न होता मूळ सुरात गुंफले जातात. गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा एमएक्सआर फेझ ९० हा फेझरसुद्धा मार्शल ॲम्पच्या पुढे असायचा. फेझरची लाट फाटण्याआधी आली की ती कापून काढल्यासारखी न वाटता सुराच्या आत वाजते. शूगेझ हा दाट, घुमणारा रॉक वाजवणारे तर रिव्हर्ब मुद्दाम फझच्या (आवाज खूप फाडणाऱ्या पेडलच्या) आधी लावतात, त्यांना ती आवाजाची भिंतच हवी असते. फक्त ते तुम्हाला हवं म्हणून घडावं, केबल चुकीच्या जॅकमध्ये गेली म्हणून घडू नये.

ॲम्प तुमचा की समोर येईल तो?

घरी आणि तालमीला स्वतःचा ॲम्प असेल, त्याचा गेन चॅनल तुम्हाला मनापासून आवडत असेल आणि कार्यक्रमालाही तोच नेणार असाल, तर लूपची मांडणी घ्या. फाटलेल्या आवाजावरचा स्वच्छ डिले दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतका सोपा मिळत नाही.

पण पुण्या-मुंबईत वाजवणाऱ्यांपैकी किती जण ॲम्प घेऊन फिरतात? बॅकलाइनला, म्हणजे आयोजकाने मंचावर ठेवलेल्या साहित्यात, जे येईल त्यावर वाजवायचं असतं. मी तीन वर्षं चार केबलवाला बोर्ड घेऊन फिरलो. एका कार्यक्रमाला पोहोचलो तर समोरच्या ॲम्पला मागे लूपच नव्हता. साउंडचेकला वीस मिनिटं होती. ड्रमरचं किक तपासणं चालू असताना मी गुडघ्यांवर बसून पॅच केबल उपटत आणि खोचत होतो, आणि त्या संध्याकाळी एकाही गाण्यात डिले धडपणे वाजला नाही. त्यानंतर मी सगळा बोर्ड ॲम्पच्या पुढे आणला, आवाज पेडलमध्ये फाडायला लागलो आणि ॲम्पकडून फक्त क्लीन मागायला लागलो. क्लीन आवाज कुठल्याही ॲम्पमधून काढता येतो. १९७५ पासून बनत आलेला रोलँडचा जेसी-१२० समोर आला तर उत्तमच, तो जन्मजात क्लीन आहे. मार्शल आला तर गेन खाली, व्हॉल्यूम वर.

तेव्हा माझा स्पष्ट कौल असा: ॲम्प तुमच्या हातात नसेल तर सगळं पुढे. दुसऱ्या मांडणीचा आवाज एखाद्या रात्री जास्त गोड लागेल, पण या मांडणीचा आवाज प्रत्येक रात्री तुमचाच असेल.

लूप घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी तपासा. काही ॲम्पचा लूप लाइन लेव्हलचा असतो, आणि गिटारच्या बारीक सिग्नलसाठी बनवलेली जुनी ॲनालॉग पेडल्स त्यात नको तिथे फाटतात. ॲम्पच्या मागे लेव्हलचा स्विच असेल तर कमी लेव्हलवर ठेवा. लूप पॅरलल असेल तर मूळ आवाज ॲम्प स्वतःच मिसळतो, म्हणून डिलेचा मिक्स पूर्ण ओल्या (फक्त पडसादांच्या) बाजूला न्या. ट्रेमोलो किंवा ईक्यूला असल्या लूपमध्ये काही अर्थ उरत नाही. आणि तिसरं, चार केबलमुळे बोर्ड आणि ॲम्प दोन वाटांनी जोडले जातात, अर्थिंगचा फेरा तयार होतो आणि ५० हर्ट्झची घरघर सुरू होते. त्यावर लूपच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावणं हा उपाय आहे. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडणं हा उपाय नाही. मांडवात दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर ॲम्प चालवताना मी पाहिले आहेत. ओठ माइकला आणि बोटं तारांना लागलेली असतात, तिथे शॉक बसला तर जीव जाऊ शकतो. घरघर सहन करा, पिन काढू नका.

लूप वापरत नसाल तरी एक उपयोगाची गोष्ट. आपल्याकडच्या पावसाळी हवेत रिटर्न जॅकच्या आतल्या संपर्कावर गंज धरतो आणि ॲम्पचा आवाज मधूनच बसतो. सेंड आणि रिटर्न एका छोट्या पॅच केबलने जोडून पाहा. बहुतेक वेळा आवाज तिथल्या तिथे परत येतो.

बफर की ट्रू बायपास

बफर सिग्नलला लांब केबल पेलण्याइतका जोर देतो. ट्रू बायपास पेडल बंद असताना सिग्नल तसाच थेट पुढे सोडतं. यात लोक फार भांडतात, म्हणून जरा हिशेब मांडतो. गिटारच्या केबलची कपॅसिटन्स मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड. ६ मीटरची केबल गिटारपासून बोर्डापर्यंत, ६ मीटरची बोर्डापासून ॲम्पपर्यंत, आणि दहा पॅच केबल मिळून दीड मीटर. सगळी पेडल्स ट्रू बायपास असतील आणि सगळी बंद असतील, तर पिकअपला (तारांचं कंपन टिपणाऱ्या गिटारवरच्या चुंबकी भागाला) एकदम साडेतेरा मीटर केबल ओढावी लागते. फेंडर स्ट्रॅट गिटारच्या पिकअपची इंडक्टन्स २.५ हेन्री धरली, तर ६ मीटरला जो चकाकीचा शेंडा ४ किलोहर्ट्झच्या आसपास असतो तो २.७ च्या जवळ उतरतो. आवाजावर पांघरूण टाकल्यासारखं होतं. आणि एखादं पेडल चालू केलं की ते बफरसारखं वागतं आणि पांघरूण उडतं, म्हणजे पेडलगणिक मूळ टोन बदलत राहतो.

उलट सगळीच पेडल्स बफरवाली असली तर चकाकी टिकते, पण सिग्नल दहा बफरमधून जातो आणि एखादा जरी सुमार निघाला तरी त्याचा रंग सगळ्यांवर चढतो. यात मधली वाट खरंच चांगली आहे: सुरुवातीला एक चांगला बफर, शेवटी एक, मधली ट्रू बायपास. बॉसची बहुतेक कॉम्पॅक्ट पेडल्स बफरवाली असतात, तेव्हा सुरुवातीला बॉसचा ट्यूनर ठेवला की अर्धं काम झालं.

अपवाद एकच, पण महत्त्वाचा. १९६६ च्या फझ फेससारखा जर्मेनियम (जुन्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) फझ असेल तर त्याच्या आधी बफर नको. त्याचं इनपुट पिकअपला थेट हात घालतं. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की तो फझ काचेसारखा स्वच्छ होतो, तो याच नात्यामुळे. मध्ये बफर आला की नातं तुटतं आणि आवाज करवतीसारखा कर्कश होतो. असा फझ माळेत सगळ्यात पहिला. बिग मफ या दुसऱ्या फझला अशी अडचण नाही, तो कुठेही खूश असतो.

वॉ आणि व्हॉल्यूम पेडल

वॉ फझच्या आधी की नंतर? हेंड्रिक्स वॉ आधी लावत असे, मग फझ फेस, मग युनिव्हाइब (फेझरसारखं पेडल), मग मार्शल. आधी लावला की वॉ माणसाच्या तोंडासारखा उघडतो-मिटतो, आवाज बोलका राहतो. नंतर लावला की फाटलेल्या भरगच्च आवाजावरून चाळणी फिरते, आणि गिटार सिंथसारखी वाटायला लागते. मला आधीचा जास्त आवडतो. पण जर्मेनियम फझच्या आधी वॉ लावला तर दोघांचं जमत नाही, वॉचा पल्ला आखडतो किंवा शिट्टी वाजते. अशा वेळी दोघांमध्ये बफर घाला (फझचं पिकअपशी असलेलं नातं मात्र सोडावं लागेल) किंवा वॉ फझच्या नंतर न्या.

व्हॉल्यूम पेडल ड्राइव्हच्या आधी असेल तर ते गिटारच्या नॉबचं काम करतं: पाय मागे घेतला की आवाज स्वच्छ होतो. ड्राइव्हनंतर, डिलेच्या आधी असेल तर फाटलेला पोत तसाच राहून फक्त आवाज कमी होतो, आणि पाय मागे घेतल्यावरही डिलेचे पडसाद वाजत राहतात. व्हायोलिनसारखे स्वर फुलवायचे असतील तर जागा हीच. विकत घेताना मात्र जपा. अर्नी बॉलच्या पॅसिव्ह पेडलांत २५० किलोओहमचं गिटारला थेट जोडायचं आणि २५ किलोओहमचं बफरनंतर लावायचं. उलट झालं तर चकाकी जाते, आणि दोष बिचाऱ्या पिकअपला दिला जातो.

नॉइज गेट (हळू आवाज बंद करणारं पेडल) डिलेनंतर लावू नका, शेवटचे पडसाद कापले जातात. डिले आधी की रिव्हर्ब आधी, यावर मात्र झोप उडवू नका. दोन्ही पेडल्स स्वच्छ असतील आणि आवाज मोनो असेल तर कुठलाही क्रम घ्या, फरक ऐकू येणं कठीण आहे. उशीर करणं आणि पसरवणं, आधी काहीही केलं तरी बेरीज तीच येते. फरक पडतो तो फाटण्यामुळे, आणि तुमचा डिले टेपसारखा थोडा फाटणारा असेल तेवढाच.

वीज आणि पाय

एका अडॅप्टरवर माळ करून सगळी पेडल्स चालवणं स्वस्त पडतं आणि चार-पाच ॲनालॉग पेडल्सना पुरतं. ट्यूब स्क्रीमरसारख्या ओव्हरड्राइव्हला १० मिलीअँपिअरसुद्धा लागत नाहीत. पण माळेत डिजिटल डिले आला की गेन वाढवल्यावर मागून बारीक चिंऽऽ ऐकू येतं. डिजिटल पेडलच्या घड्याळाचा गोंगाट त्याच तारेतून ड्राइव्हमध्ये शिरतो. स्ट्रायमनच्या बिगस्कायसारख्या रिव्हर्बला एकट्याला ३०० मिलीअँपिअर लागतात. दोन किंवा जास्त डिजिटल पेडल्स असतील तर आयसोलेटेड पॉवर सप्लायच घ्या. मी तर म्हणेन, सातवं पेडल घेण्याआधी तो घ्या. पॉझिटिव्ह ग्राउंडचा जर्मेनियम फझ असेल तर त्याला माळेत अजिबात जोडू नका, त्याला स्वतंत्र वाट किंवा बॅटरी.

शेवटी जागा. सिग्नलचा क्रम आणि बोर्डावरची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक पेडल्सचं इनपुट उजवीकडे असतं म्हणून माळ उजवीकडून डावीकडे जाते, पण गाण्याच्या मधे ज्यावर पाय पडतो ते पेडल माळेत कुठेही असो, पुढच्या रांगेतच हवं. रिव्हर्ब एकदा लावला की लागलेलाच राहतो, तो मागे जाऊ दे. ड्राइव्ह आणि टॅप टेम्पोवाला (पायाने लय देता येणारा) डिले पुढे. स्टेजवर जे बूट घालता तेच घालून घरी एकदा उभं राहून दाबून पाहा. अनवाणी मांडलेल्या बोर्डावर बुटाच्या टोकाने एका वेळी दोन पेडल्स चालू होतात. वेल्क्रो दोन तालमी होईपर्यंत लावू नका. तोवर पेडल्सच्या खाली जुनी रबरी मॅट ठेवा, आणि दुसऱ्या तालमीनंतर जे जिथे सरकलं असेल तिथेच ते चिकटवा.