घरी शिवलेला 9 मीटरचा काईट, पाच महिन्यांनी: शिवण टिकली, हवा टिकेना

19 एप्रिलला दुपारी साडेचारच्या सुमारास, वेंगुर्ल्याजवळच्या सागरेश्वरच्या किनाऱ्यापासून अडीच-तीनशे मीटर आत, माझ्या काईटची, म्हणजे बोर्डवर उभं राहून पाण्यावरून ओढून घ्यायच्या 9 चौरस मीटरच्या फुगवत्या पतंगाची, हवा गेली. कापड फाटलं नाही, दोरी तुटली नाही, शिवणीचा एक टाका उसवला नाही. लीडिंग एज, म्हणजे पुढची फुगवलेली कड, आधी मऊ पडली, मग काईट मधोमध दुमडला आणि पाण्यावर येऊन पडला. क्विक रिलीज (काईटची ओढ तोडायची कळ) ओढला, दोऱ्या बारला (हातातल्या दांडीला) गुंडाळत काईटपर्यंत पोचलो आणि मधल्या स्ट्रटला, म्हणजे काईटच्या फुगवलेल्या आडव्या दांडीला, मिठी मारली. स्ट्रटचे व्हॉल्व्ह वेगवेगळे असल्यामुळे तिन्ही स्ट्रट फुगलेलेच होते, त्यांनीच तरंगत ठेवलं. वारा वायव्येचा, म्हणजे तिरका किनाऱ्याकडे ढकलणारा. चाळीस मिनिटांत वाळूला पाय लागले. रापणीचे लोक जाळं आवरत होते. त्यांच्यातले एक काका जवळ आले, काईटवर हात फिरवला आणि म्हणाले, "हवा गेली मां?"

हो, हवाच गेली. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. घरी काईट शिवण्याबद्दल विचारणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न शिलाईचा विचारतो. शिलाईची काळजी करू नका. काळजी करायची ती ब्लॅडरच्या, म्हणजे कापडाच्या आतल्या हवेच्या पिशवीच्या, जोडाची.

गोव्यात मोरजीला काईट उडवायला शिकलो तेव्हाच ठरवलं होतं की नव्या काईटला आणि बारला मिळून दीड लाख घालायचे नाहीत. तेवढ्यात घराची कौलं बदलून होतात. तिथेच एकाकडून 4,000 रुपयांना एक फाटका, उन्हाने विटलेला 9 मीटरचा काईट घेतला. उडवायला नाही, उसवायला. प्रत्येक पॅनेल सोडवलं, इस्त्री न करता वजनाखाली सपाट केलं आणि ब्राऊन पेपरवर उतरवून घेतलं. जुनं कापड ताणलेलं असतं, म्हणून डावं आणि उजवं पॅनेल एकमेकांवर ठेवून दोन्हींच्या मधली रेघ धरली. व्हॉल्व्ह, कन्नीच्या दोऱ्या, टोकांचे पट्टे असं सगळं त्या जुन्यातलंच वापरलं.

बाकी खर्च असा: रिपस्टॉप (फाट पसरू न देणारं) पॉलिएस्टर 10 मीटर 7,000, लीडिंग एज आणि स्ट्रटसाठी डेक्रॉन (जाड पॉलिएस्टर कापड) 4,500, ब्लॅडरसाठी 100 मायक्रॉनचा टीपीयू (लवचिक प्लास्टिक) 2,500, हीट सीलर (प्लास्टिक तापवून जोडायचं यंत्र) 2,600, दुहेरी चिकटपट्टी 700, दोरा 900. जुन्या काईटसकट 22,200. रिपस्टॉप घेताना नायलॉन घेऊ नका, स्वस्त पडलं तरीही. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की सैलावतं, आकार जातो.

शिवलं आईच्या पिको मशीनवर. आई तीस वर्षं ब्लाऊज शिवते आणि साड्यांना पिको-फॉल करते. काईटला झिगझॅग टीपच लागते, कारण सरळ टीप ताणाखाली तटकन तुटते, झिगझॅग थोडी देते. लीडिंग एज म्हणजे वाकडी नळी. ती आठ तुकड्यांची, आणि प्रत्येक जोडाला एक कड आतल्या बाजूला वळणारी, दुसरी बाहेर. मी दोन्ही कडा ओढून जुळवत होतो आणि चुण्या पडत होत्या. आई बाजूला भाजी निवडत बसली होती. तिने नुसतं एकदा पाहिलं. "बायी बसयतत तशी बसय. ओढू नको, कापड आपणच येतला." बाहीचा गोल खांद्यात बसवताना जसं वरचं कापड किंचित ढिलं सोडून सुईखाली सरकवतात, तसं केलं आणि पुढचे सहा जोड एकाही चुणीशिवाय बसले. या एका वाक्याचं मोल मला कुठल्याही व्हिडिओत मिळालं नसतं.

शिवणीवर किती ताण येतो, हेही सांगतो, कारण मीही आधी घाबरलो होतो. काईट मी 7 पीएसआयपर्यंत भरतो. मधोमध लीडिंग एजची त्रिज्या साधारण 10 सेंटिमीटर आहे. हिशेब केला तर लांबीच्या शिवणीच्या दर सेंटिमीटरवर जवळपास 5 किलोचा ताण येतो. आकडा मोठा वाटतो, पण डेक्रॉनवर पॉलिएस्टर दोऱ्याच्या तीन झिगझॅग टिपा मारल्या तर ती शिवण हे आरामात पेलते. 1 जानेवारीपासून 19 एप्रिलपर्यंत वहीत 33 दिवसांची नोंद आहे, शिवणीची तक्रार एकदाही नाही.

उडतो कसा? पहिल्या दिवशी उजवीकडे ओढत होता. प्रत्येक जोडात मिलिमीटरभर चूक झाली तरी दहा-अकरा जोडांत ती सेंटिमीटरभर होते, तसंच झालं होतं. संक्रांतीला पतंग एका बाजूला झुकायला लागला की कन्नीची गाठ सरकवतात. इथे एका मागच्या दोरीची गाठ दोन सेंटिमीटर पुढे घेतली आणि काईट सरळ झाला. माझं वजन 72 किलो. 14 ते 18 नॉट्सच्या (ताशी 26 ते 33 किलोमीटर) दुपारच्या वाऱ्यात, म्हणजे आमच्याकडे फेब्रुवारी ते मे जो खारा वारा लागतो त्यात, तो मला हवं तिथे नेतो. वळायला विकतच्यापेक्षा जरा संथ आहे. मला चालतं. पहिल्यांदा बोर्डवर उभा राहिलो आणि वर पाहिलं, आईच्या टिपा उन्हात आरपार दिसत होत्या. तो क्षण मी जन्मभर जपणार आहे.

बार, चिकन लूप (कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा फास), क्विक रिलीज, लीश (काईट निसटू नये म्हणून बांधायची दोरी) आणि दोऱ्या मात्र विकत घेतल्या, चांगल्या स्थितीतल्या वापरलेल्या, 18,000 रुपयांना. इथे काटकसर करायची नाही. काईट पडला तर पोहून येता येतं. क्विक रिलीज सुटलाच नाही तर तुम्ही काईटच्या ताब्यात असता. एप्रिलमध्ये तो पहिल्या ओढीला सुटला.

आता हवा. फुगवता येणाऱ्या काईटचं पेटंट ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी 1984 साली मांडलं, ते पाण्यात पडलेला काईट परत उडावा म्हणून. म्हणजे ब्लॅडर हा या वस्तूचा प्राण आहे. आणि माझं ब्लॅडर पहिल्यापासून हवा धरत नव्हतं. फेब्रुवारीपासून दोन तासांनी किनाऱ्यावर येऊन पंप मारावा लागे. साबणाचं पाणी फिरवलं की जोडावर बारीक बुडबुडे दिसत, पॅच लावायचा, आठवड्याने हातभर पुढे नवे बुडबुडे. एकंदर नऊ पॅच. व्हॉल्व्हचा गोंद दोनदा बदलला. ब्लॅडर आत पिळलंय का, वाळूचा कण घासतोय का, सगळं तपासलं. शेवटी 19 तारखेला डाव्या टोकापासून फूटभर अंतरावर जोड 11 सेंटिमीटर उघडला. म्हणून माझं स्पष्ट मत: बाकी सगळं घरी करा, ब्लॅडर तेवढं विकत घ्या. कितीही महाग पडो.

इथपर्यंतचं एप्रिलमध्येच लिहून ठेवलं होतं. वरचं शेवटचं मत आता मी मागे घेतो. खोडत मात्र नाही, कारण तिथपर्यंत मी कसा पोचलो हे कळायला हवं.

ठरवल्याप्रमाणे तयार ब्लॅडर मागवलं. विक्रेत्याला लांबी, मधला घेर, टोकाचा घेर असं सगळं लिहून पाठवलं होतं. 6,800 रुपये आधी भरले. आलं ते 60 सेंटिमीटर आखूड. ब्लॅडर बाहेरच्या कापडी नळीपेक्षा किंचित मोठंच लागतं, कारण ताण कापडाने घ्यायचा असतो, ब्लॅडरने फक्त हवा धरायची असते. आखूड ब्लॅडर स्वतःच ताण घेतं आणि फुटतं. हे त्यांना लिहून कळवलं, टेपसकट फोटो पाठवले. उत्तर आलं की पाकीट उघडलंय, परत घेता येणार नाही. पाकीट न उघडता लांबी मोजायची कशी? अकरा निरोप, चार फोन. शेवटी पैसे नाहीतच, "पुढच्या खरेदीवर सवलत" देऊ केली. ज्यांच्या वस्तूवर माणूस समुद्रात तरंगतो त्यांनी असं वागावं, याचा मला मनापासून राग आला आणि अजून आहे. ते ब्लॅडर मी कापून पॅचसाठी ठेवलंय.

त्या दिवसांत संध्याकाळी घरात बसून होतो. एके दिवशी साडेसातला आई पिको करताना म्हणाली, मशीन ओढत नाही, दिवाही मंद झालाय. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर पाहिलं, आकडा 192. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पाहिलं, 231. आमचं घर डीपीपासून लाइनीच्या अगदी शेवटाला आहे. संध्याकाळी सगळ्या वाडीत दिवे, पंखे, मिक्सर लागले की आमच्याकडे उरतं तेवढंच.

मी तिथेच थबकलो. लीडिंग एजचं ब्लॅडर मी डिसेंबरात रोज ऑफिस सुटल्यावर, रात्री आठ-नऊला जोडलं होतं. स्ट्रटची तीन ब्लॅडर एका रविवारी सकाळी जोडली होती. आणि स्ट्रटमधून आजवर एकदाही हवा गेलेली नाही! प्लास्टिक तेच, सीलर तोच, हात तोच.

हीट सीलरवर आपण सेकंद ठरवतो, उष्णता नाही. पट्टी किती तापेल ते येणाऱ्या विजेच्या दाबावर ठरतं, आणि उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 च्या जागी 192 व्होल्ट आले तर दाब कमी होतो सहाव्या हिश्श्याने, उष्णता मात्र 30 टक्के कमी. टीपीयूचे दोन थर वरवर चिकटतात, एकजीव होत नाहीत. डोळ्यांना फरक दिसत नाही.

खात्री करायला सकाळी आणि रात्री, सीलरचा काटा न हलवता, दोन-दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या जोडल्या. थंड झाल्यावर दोन्ही थर चिमटीत धरून विरुद्ध दिशेला ओढले. रात्रीचा जोड वेफरच्या पाकिटासारखा सोलून निघाला, आवाजही तसाच. जिथे जोड होता तिथे नुसती धुरकट रेघ उरली. सकाळचा जोड सुटेना. प्लास्टिकच बाजूने लांब झालं, पांढुरकं पडलं आणि जोडाच्या शेजारून फाटलं, जोड तसाच. हे मी सहा वेळा केलं. सहाही वेळा तेच.

10 मे, रविवार. सकाळी दहा ते एक, उरलेल्या रोलमधून नवं ब्लॅडर. स्टॅबिलायझरचा आकडा समोर ठेवून, 225 च्या खाली गेला की हात थांबवायचा. सीलरची पट्टी 30 सेंटिमीटरची, दर वेळी दोन सेंटिमीटर मागच्या जोडावर चढवून पुढे सरकायचं. साडेसात मीटरला सीलर 27 वेळा दाबायचा, आणि शेजारून दुसरी ओळ, म्हणजे 54 वेळा. प्रत्येक दाबानंतर मनात दहा मोजेपर्यंत पट्टी उचलायची नाही. गरम जोडाला ओढ बसली की तो तिथेच पातळ होतो. मान भरून आली, पण घाई केली नाही. खर्च शून्य.

त्यानंतर मेअखेरपर्यंत 12 दिवस पाण्यात गेलो. मधे उतरून पंप मारायची वेळ आली नाही. तेव्हा आता माझं मत असं: ब्लॅडर घरीच करा, पण जोडण्याआधी घरातला विजेचा दाब मोजा आणि रोज कामाला बसताना एक पट्टी जोडून, सोलून बघा. सोलली गेली तर त्या दिवशी सीलर बंद.

किरकोळ तक्रारी आहेत. मागची कड फडफडून 30 तासांतच विरायला लागली, मी तिथे एकच दुमड घेतली होती, तीन घड्या हव्या होत्या. लाल कापड पिवळ्यापेक्षा लवकर विटलं. विहिरीच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवलं नाही तर मिठाचे कण शिवणीत राहतात. पुढचा 12 मीटरचा, हलक्या वाऱ्यासाठी, बेतून झालाय. रिपस्टॉप कपाटात आहे, तो पावसाळ्यात शिवायचा.

परवा रात्री पहिला पाऊस आला. काईट गुंडाळण्याआधी शेवटचं बघावं म्हणून पडवीत 7 पीएसआयला भरून ठेवला होता. सकाळी उठलो तेव्हा आई अंगणातून फुलं घेऊन येत होती. जाता जाता तिने लीडिंग एजवर टिचकी मारली.

"घट्ट आसा," ती म्हणाली आणि आत गेली.